मॉडिफाय केलेल्या गाडीचे पॉवर ब्रेक दगडासारखे कडक किंवा लोण्यासारखे मऊ? बूस्टर सगळ्यात शेवटी उघडा

कॉन्टेसा असो, अॅम्बेसेडर असो, इंजिन बदललेली पद्मिनी किंवा जीप असो, नाहीतर कुणी खरोखर व्ही-८ टाकून हॉट रॉड बांधली असेल, ब्रेकचा त्रास आला की आपल्याकडे एकच गोष्ट होते. पेडल कडक लागतंय म्हणून पुण्याच्या नाना पेठेत जाऊन नवा बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्युमने पायाच्या जोराला मदत करणारा गोल डबा) आणायचा, तो लावायचा, पेडल तसंच. मग मास्टर सिलेंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा पंप) बदलायचा, मग चार वेळा एअर (ऑइलमध्ये अडकलेली हवा) काढायची, दोन बाटल्या ब्रेक ऑइल वाया, आणि शेवटी कळतं की व्हॅक्युमचा पाइपच गरम झाल्यावर चपटा होत होता. बूस्टर स्वतः खराब निघण्याचं प्रमाण लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच कमी असतं. कंपनीतून बाहेर पडलेल्या गाडीत सगळे पार्ट एकमेकांसाठी बनलेले असतात, आपल्या गाडीत पेडल एका गाडीचं, बूस्टर दुसऱ्या, कॅलिपर तिसऱ्या आणि इंजिन चौथ्या गाडीचं असतं, त्यामुळे नुसता पार्ट चांगला असून भागत नाही, जोडी जमावी लागते. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. आधी बूस्टरशिवायचे ब्रेक, मग व्हॅक्युम, मग बूस्टर, मग पुशरॉड, म्हणजे बूस्टरमधून मास्टर सिलेंडरला ढकलणारी दांडी.

## तयारी

सामान फार नाही पण हे नसेल तर सुरूच करू नका:

- व्हॅक्युम गेज, टी जॉइंटसकट. हाताने मारायचा व्हॅक्युम पंप मिळाला तर उत्तम, गेज त्यालाच असतो.
- चार मजबूत जॅक स्टँड. विटा नकोत, लाकडी ठोकळे पण नकोत.
- ब्रेकच्या नटांसाठी फ्लेअर नटचा पाना. साध्या फिक्स पान्याने नटाचे कोपरे गोल होतात आणि मग पक्कड लावायची वेळ येते.
- पारदर्शक प्लास्टिक नळी, रिकामी बाटली, व्हर्नियर किंवा निदान चांगली स्टीलची पट्टी.
- पोरांची खेळायची क्ले, थोडीशी. का ते पुढे कळेल.
- डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल, सीलबंद छोट्या बाटलीत. मागच्या पावसाळ्यात उघडून कपाटात ठेवलेली अर्धी बाटली वापरू नका, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशाला उकळतं, पाणी मुरलेलं डॉट ४ दीडशेच्या आसपासच उकळू शकतं. डॉट ५ म्हणजे सिलिकॉन, ते यात मिसळायचं नाही.

सावधान: रबर किट पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलमध्ये धुवायची सवय अजून बऱ्याच गॅरेजमध्ये आहे. असं धुतलेलं रबर फुगतं आणि काही दिवसांत मास्टर सिलेंडर जाम होतो. धुवायचं तर ब्रेक ऑइलमध्येच. मास्टर सिलेंडरच्या झाकणाखालचं रबर काढून बघा, फुगून वेडंवाकडं झालं असेल आणि परत जागेवर बसत नसेल तर कुणीतरी त्यात पॉवर स्टीअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल ओतलेलं आहे असं समजा. मग पुढचं काही तपासू नका, सगळे पाइप धुऊन प्रत्येक रबर बदला, त्याला शॉर्टकट नाही.

जुन्या लायनरची धूळ कंप्रेसरने उडवू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा.

## १. त्रास नेमका कुठे होतो ते आधी लिहून काढा

"ब्रेक लागत नाहीत" हे वाक्य मेकॅनिकच्या काही कामाचं नाही. पेडल कडक आहे, मऊ आहे, खोल जातंय की ब्रेक चिकटून राहतायत, यातलं कोणतं ते ठरवा.

कडक पेडल आणि गाडी थांबत नाही म्हणजे व्हॅक्युम, बूस्टर, किंवा पेडल आणि मास्टर सिलेंडरचं गणित. मऊ, स्पंजसारखं पेडल म्हणजे एअर किंवा फुगणारे रबरी पाइप, इथे बूस्टरचा काही संबंध नसतो. पेडल खोल जातं पण दोनदा मारल्यावर वर येतं म्हणजे मागच्या ड्रमची सेटिंग ढिली किंवा पुशरॉड आखूड. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकतं म्हणजे मास्टर सिलेंडर आतून लीक नाहीतर कुठेतरी बाहेर गळती. चिकटून राहणं म्हणजे बहुतेक वेळा पुशरॉड लांब.

आता दुसरा प्रश्न जो कोणी विचारत नाही, कोणत्या रस्त्यावर? लक्ष्मी रोडच्या ट्रॅफिकमध्ये आयडलवर पेडल दगडासारखं आणि कात्रजचा घाट उतरताना मात्र ब्रेक झकास, असं असेल तर व्हॅक्युम कमी आहे हे जवळजवळ नक्की. घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो, गिअरमुळे इंजिनचे आरपीएम वर असतात, तेव्हा पेट्रोल इंजिन सगळ्यात जास्त व्हॅक्युम बनवतं. मोठा कॅम (व्हॉल्व जास्त वेळ उघडे ठेवणारा शाफ्ट) टाकलेलं इंजिन आयडलला लटपटतं आणि तिथेच व्हॅक्युम पडतो. याच्या उलट, गावात सगळं छान आणि घाटाच्या तळाशी पेडल मऊ पडून खाली जायला लागलं तर तो व्हॅक्युमचा प्रश्नच नाही, ऑइल उकळतंय. पेडल कडकच आहे, वास येतोय आणि गाडी थांबत नाहीये तर लायनर-पॅड तापून फेड झालेत, म्हणजे त्यांची पकड गेलीय. या दोन्हीत नवा बूस्टर लावून काडीचा फरक पडणार नाही.

## २. बूस्टर नाहीच असं धरून ब्रेक तपासा

इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा मारून बूस्टरमधला व्हॅक्युम संपवा. आता जे पेडल पायाला लागतंय ते खरं पेडल. ते उंच आणि घट्ट असलं पाहिजे, जड चालेल पण स्पंजी चालणार नाही. इथेच मऊ असेल तर टप्पा ३ संपेपर्यंत व्हॅक्युम गेजला हात लावू नका.

ड्रमची सेटिंग. एअर काढायच्या आधी करायची, नंतर नाही. शू ड्रमला टेकेपर्यंत अॅडजस्टर फिरवा, मग चाक हाताने फिरताना हलकासा घासल्याचा आवाज येईल एवढंच मागे घ्या. हँडब्रेकची केबल आधी पूर्ण ढिली करून मग हे करायचं, नाहीतर केबलने ओढलेले शू सेट करत बसाल.

कॅलिपरचं निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) वर आहे का? हसू नका. दुसऱ्या गाडीचे डिस्क बसवताना डावं-उजवं कॅलिपर अदलाबदल होतं, बोल्ट व्यवस्थित बसतात, सगळं ठीक दिसतं, फक्त निपल खालच्या बाजूला येतं. हवा वर राहते, ऑइल खालून निघतं, आणि माणूस दिवसभर एअर काढत बसतो.

पेडलचं गुणोत्तर. पेडलच्या पिव्हटपासून पाय ठेवायच्या पॅडच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, त्याला पिव्हटपासून पेडलला जोडलेल्या पुशरॉडच्या पिनपर्यंतच्या अंतराने भागा. बिनबूस्टरच्या गाडीत हे साधारण ६ असतं, बूस्टरवाल्या गाडीत ४ च्या आसपास. जुन्या अॅम्बेसेडर-पद्मिनीत मुळात बूस्टर नव्हता, त्यामुळे मूळ पेडल तसंच ठेवून नुसता बूस्टर मध्ये घातला की ब्रेकला जरा पाय लावला तरी गाडी नाक टेकवते आणि पेडलचा प्रवासही लांब होतो. उलटं पण होतं, जागा नाही म्हणून पुशरॉडची पिन कुठेतरी खाली वेल्ड केलेली असते, गुणोत्तर ३ वर येतं आणि पेडल कायमचं जड. मग बूस्टर कितीही मोठा लावा.

मास्टर सिलेंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास. बहुतेक वेळा बॉडीवरच आकडा असतो, नसेल तर आत व्हर्नियर घालून मोजा. एक इंचाच्या, म्हणजे २५.४ मिमीच्या जागी ७/८ इंची, म्हणजे सुमारे २२.२ मिमीचा लावला तर त्याच जोराला साधारण ३० टक्के जास्त प्रेशर मिळतं, पण पेडलही तेवढंच जास्त खाली जातं. "मोठा सिलेंडर म्हणजे जास्त ब्रेक" हा समज इतका पक्का बसलाय की लोक मुद्दाम मोठा बोअर मागतात आणि पेडल आणखी कडक करून घेतात.

तपासणी: चारही चाकं उचलून हाताने फिरवा. एकही चाक आत्ताच जड असेल तर आधी तिथलं कॅलिपर, व्हील सिलेंडर किंवा बेअरिंग बघा.

## ३. एअर काढणे, पण क्रमाने

नवा किंवा किट मारलेला मास्टर सिलेंडर असेल तर गाडीवर चढवायच्या आधी व्हाइसमध्ये धरून त्याची एअर काढा. आउटलेटपासून दोन नळ्या परत टाकीत सोडायच्या, त्यांची टोकं ऑइलमध्ये बुडलेली हवीत, आणि पिस्टन हळूहळू दाबत राहायचं, बुडबुडे संपेपर्यंत. ही पायरी गाळली की पुढचं सगळं वाया. आणि मास्टर सिलेंडर असा बाहेर असताना खालचा टप्पा ७ आत्ताच उरकून घ्या, परत उघडायला लागणार नाही.

गाडीवर चढवल्यावर सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्या उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत मास्टर सिलेंडर उजवीकडे असेल तर मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. इंजिन बंदच ठेवायचं. एकाने पेडल हळू दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, आणि निपल बंद झाल्याशिवाय पेडल सोडायचं नाही. फटाफट पंप मारले की हवेचा फेस होतो, तो नुसता निघत नाही.

सावधान: जुन्या मास्टर सिलेंडरवर पेडल तळापर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात पिस्टन जिथे कधी जात नाही तिथे आत गंज आणि कचरा साठलेला असतो, सील त्याच्यावर घासून फाटतं. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. एअर काढायच्या आधी पेडल बरं होतं आणि नंतर हळूहळू खाली जायला लागलं, ही तक्रार बहुतेक इथूनच येते.

तरीही मऊ? पाइप काढून मास्टर सिलेंडरच्या दोन्ही आउटलेटला बरोबर आट्यांचे ब्लँक बोल्ट लावा आणि पेडल दाबा. पेडल दगडासारखं झालं तर सिलेंडर चांगला आहे, दोष पुढे आहे. नाही झालं तर सिलेंडर गेला. पुढे दोष असेल तर एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकाजवळचे रबरी पाइप हातात धरून बघायचे, जुना पाइप दाबाखाली फुगलेला बोटांना कळतो.

जुन्या जीपवाल्यांसाठी एक. तुमचा मास्टर सिलेंडर फ्लोअरखाली चासीला असतो आणि डिस्क टाकल्यावर कॅलिपर त्याच्यापेक्षा वर येऊ शकतात. मग गाडी उभी राहिली की ऑइल परत टाकीकडे उतरतं आणि सकाळी पहिलं पेडल तळाला. अशा ठिकाणी रेसिड्युअल व्हॉल्व (लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा) लागतो, डिस्कच्या लाइनला २ पीएसआय, ड्रमच्या लाइनला १० पीएसआय. १० चा व्हॉल्व डिस्कवर लावला तर पॅड कायम चिकटून राहतील. चारही ड्रमवाल्या जुन्या गाडीच्या काही मास्टर सिलेंडरमध्ये हा व्हॉल्व आतच असतो, तोच सिलेंडर डिस्कला जोडला की तीच बोंब.

## ४. व्हॅक्युम मोजा, अंदाज नको

आता इंजिन चालू करायचं. टी जॉइंट लावून गेज बूस्टरच्या पाइपमध्येच जोडा, बूस्टरच्या अगदी जवळ. मॅनिफोल्डवर (इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांवर) मोजलेला आकडा वेगळा आणि बूस्टरला पोचलेला वेगळा.

इंजिन पूर्ण गरम, आयडलवर, एसी असेल तर तो चालू करून पण एकदा. गेजवर १८ इंच (पाऱ्याचे) मिळाले तर प्रश्नच नाही, १५-१६ ला गाडी नीट चालते, १४ च्या खाली पेडल जड व्हायला लागतं. इंटरनेटवरच्या आकड्यांशी तुलना करताना एक लक्षात ठेवा, ते आकडे समुद्रसपाटीचे असतात. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, इथे हवेचाच दाब सुमारे दोन इंचांनी कमी, म्हणून मुंबईत १८ दाखवणारं निरोगी इंजिन इथे १६-१७ दाखवेल. त्यावरून इंजिन खोलू नका.

आकडा कमी पडला की किती फरक पडतो ते बघा. ८ इंची बूस्टरच्या डायफ्रॅमचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस इंच. १८ इंच व्हॅक्युमला तो कागदावर जवळपास २०० किलोचा रेटा देतो, १० इंचाला फक्त ११० च्या आसपास. हॉट रॉडमध्ये जागा नाही म्हणून ७ इंची बूस्टर लावतात, तो १८ इंचाला सुद्धा दीडशेच्या आसपासच देतो. म्हणजे बारीक बूस्टर आणि मोठा कॅम एकत्र आले तर पेडल जड लागणारच, कोणताच पार्ट खराब नसताना.

सुई स्थिर नसून थरथरत असेल तर आधी टायमिंग, मिक्स्चर आणि मॅनिफोल्ड गास्केट बघा. ब्रेकचा त्रास म्हणून आलेली गाडी ट्यूनिंगने बरी होते असं बऱ्याचदा होतं.

डिझेल इंजिन टाकलं असेल, जसं बऱ्याच कॉन्टेसा-अॅम्बेसेडरमध्ये आहे, तर जुन्या डिझेलला थ्रॉटलच नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डला व्हॅक्युम नसतो. तिथे अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्युम पंप लागतो. स्वस्तातला अल्टरनेटर घेताना पंप नसलेला आणला गेला की बूस्टर नुसता शोभेला. पंप चांगला असेल तर गेज २२ च्या वर जातो. हळूहळू चढत असेल तर आतल्या पट्ट्या झिजल्यात किंवा पंपाला ऑइल नीट पोचत नाहीये.

## ५. पाइप आणि वनवे व्हॉल्व

मॅनिफोल्डला चांगला व्हॅक्युम आणि बूस्टरपाशी कमी, तर उत्तर इथेच आहे.

पाइप बूस्टरचाच हवा, जाड भिंतीचा. पेट्रोलचा पाइप, पाण्याचा पाइप, गॅसची नळी यातलं काहीही चालत नाही. थंड असताना तो छान दिसतो, गेजही १७ दाखवतो. अर्धा तास गाडी चालली, एक्झॉस्टच्या वरून गेलेला पाइप तापला, की आतली भिंत आत ओढली जाते. बाहेरून पूर्ण चपटा दिसेलच असं नाही, कधीकधी फक्त आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो. म्हणून हा पाइप गरम इंजिनवर, आयडल चालू असताना, पूर्ण लांबी बोटांनी चिमटीत धरत तपासायचा, वळणाच्या जागी जास्त. एखाद्या ठिकाणी तो उरलेल्या पाइपपेक्षा नरम लागला तर तोच चोर.

पाइप कुठून घेतलाय ते बघा. कार्बोरेटरच्या ज्या तोंडावरून डिस्ट्रिब्युटरचा अॅडव्हान्स चालतो ते तोंड आयडलला बऱ्याचदा व्हॅक्युम देतच नाही. बूस्टरचा पाइप मॅनिफोल्डच्या मधल्या पोकळीतून घ्यायचा, एखाद्या सिलेंडरच्या नळीतून पण नाही.

वनवे व्हॉल्व काढून तोंडाने फुंका. बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा गेली पाहिजे, इंजिनच्या बाजूने फुंकलं तर अजिबात नाही. काही व्हॉल्ववर बाण असतो, तो इंजिनकडे. त्याचा रबरी ग्रोमेट चिरलेला असेल तर तोही बदला, वीस-तीस रुपयांच्या ग्रोमेटसाठी बूस्टर बदललेले लोक आहेत. टर्बो पेट्रोल इंजिन असेल तर हा व्हॉल्व शंभर टक्के चांगलाच हवा, नाहीतर बूस्टच्या वेळी हवा उलटी बूस्टरमध्ये घुसते.

## ६. आता बूस्टरची टेस्ट

तीनच टेस्ट आहेत, वर्कशॉप लागत नाही.

१. इंजिन बंद, पेडल पाच-सहा वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही तर व्हॅक्युम पोचत नाहीये किंवा बूस्टर गेला.

२. इंजिन मिनिट-दोन मिनिटं चालवून बंद करा, पाचेक मिनिटं थांबा, मग पेडल मारा. पहिले दोन-तीन हलके आणि नंतरचे जड लागले पाहिजेत. पहिलंच जड असेल तर वनवे व्हॉल्व किंवा बूस्टर हवा सोडतोय.

३. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, तसंच धरून इंजिन बंद करा, अर्धा मिनिट धरून ठेवा. पेडल पायाला वर ढकलायला लागलं तर आत लीक आहे.

पेडल दाबताना जरासा हवेचा आवाज येणं नॉर्मल आहे. दाबून धरल्यावरही फुस्स चालूच राहिलं आणि आयडल बदललं तर डायफ्रॅम किंवा आतला व्हॉल्व फाटलाय.

ब्रेक ऑइल कमी होतंय, बाहेर कुठे थेंब नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर? मास्टर सिलेंडरचे दोन नट काढून त्याची मागची बाजू बघा. ओलं असेल तर मागचं सील गळतंय, ऑइल बूस्टरमध्ये जातंय आणि इंजिन ते पितंय. मास्टर सिलेंडर बदलायचा आणि बूस्टरही, कारण ऑइल लागलेला डायफ्रॅम फार टिकत नाही.

जुन्या बाजारातून बूस्टर घेत असाल तर हातपंप बरोबर न्या. १८ इंच खेचून पाच मिनिटं थांबा, सुई पडली तर ठेवून या. पुढच्या बाजूला रंग फुगून सोललेला असेल तर आधीच्या मालकाचं ऑइल आत गेलेलं आहे, दुकानदार काहीही सांगो.

## ७. पुशरॉडची गॅप

मला विचाराल तर जमवलेल्या गाडीतली सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट हीच, कारण बूस्टर एका गाडीचा आणि मास्टर सिलेंडर दुसऱ्या गाडीचा. बूस्टरमधून बाहेर येणारा रॉड आणि मास्टर सिलेंडरच्या पिस्टनमधला खळगा यांच्यात अर्धा ते एक मिमी जागा हवी.

बूस्टरमधला व्हॅक्युम संपवा. मास्टर सिलेंडरचे नट काढून तो अलगद पुढे घ्या, पाइपांवर ताण येऊ देऊ नका. रॉडच्या टोकावर क्लेची छोटी गोळी चिकटवा, मास्टर सिलेंडर मूळ गास्केटसकट परत बसवून नट आवळा, परत काढा. चेपलेल्या क्लेची सगळ्यात पातळ जागा ब्लेडने कापून मोजा. क्ले आरपार फाटून रॉडचं धातू दिसत असेल तर रॉड लांब आहे, दोन-तीन मिमी जाड राहिली असेल तर आखूड. रॉडचं टोक आट्यांचं असेल तर फिरवून सेट होतं. आट्या नसतील तर घासत किंवा वेल्ड मारत बसू नका, बरोबर लांबीचा किंवा अॅडजस्टेबल रॉड आणा.

तपासणी: टाकीचं झाकण उघडून कुणाला तरी पेडल अगदी हलकं दाबायला सांगा. पहिल्या इंचभर प्रवासातच ऑइलच्या पृष्ठभागावर छोटासा उसळा किंवा लाट दिसली पाहिजे. डोळे सांभाळा, कधीकधी पिचकारी उडते. उसळा आलाच नाही तर रॉडने पिस्टन आधीच पुढे ढकलून ठेवलाय आणि ऑइलची परतीची वाट बंद आहे. थंड गाडीत कळत नाही, तापल्यावर ऑइल फुगतं आणि ब्रेक आपोआप लागतात.

## ८. ब्रेक चिकटत असतील तर

गाडी चालवून आणा, ब्रेक चिकटले की सपाटीवर थांबा, चाकाला ठोकळे लावा, जॅक करा. मग या क्रमाने:

१. पेडल पायाने वर ओढा. चाक सुटलं तर पेडलची स्प्रिंग कमजोर आहे, पिन जाम आहे किंवा ब्रेक लाइटचा स्विच पेडलला खाली दाबून ठेवतोय. हा स्विच फार जणांना फसवतो.

२. मास्टर सिलेंडरचे नट तीन-चार मिमी ढिले करून तो पुढे ओढा. सुटलं तर पुशरॉड लांब किंवा बूस्टर आतून परत येत नाहीये.

३. नाही सुटलं तर मास्टर सिलेंडरवरचा पाइपचा नट किंचित ढिला करा. इथे सुटलं तर सिलेंडरची परतीची वाट बंद आहे, किंवा आत रेसिड्युअल व्हॉल्व आहे.

४. तरी नाही तर त्या चाकाचं निपल उघडा. सुटलं तर रबरी पाइप आतून सुजलाय, एका दिशेने ऑइल जातं पण परत येत नाही. निपल उघडूनही जाम, तर कॅलिपर किंवा शूच अडकलाय.

ज्या पायरीला चाक सुटलं तिथे थांबा. नट आणि निपल उघडल्यावर परत एअर काढायची हे सांगायला नकोच.

## ९. सगळं बरोबर, पण इंजिनच व्हॅक्युम देत नाही

कॅम बदलायची तयारी नसेल तर पर्याय असे. व्हॅक्युमची टाकी लावली तर एक-दोन ब्रेक जास्त मिळतात, पण इंजिन १० इंच देत असेल तर टाकीतही १० च भरणार, हे विकणारा सांगत नाही. इलेक्ट्रिक व्हॅक्युम पंप खरा उपाय आहे, रिले, फ्यूज आणि व्हॅक्युम स्विचसकट, थेट बॅटरीवर वायर ओढून नाही. जागा कमी असेल तर दुहेरी डायफ्रॅमचा बूस्टर, तेवढ्याच घेरात जास्त रेटा. पॉवर स्टीअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर पण असतो, मोठ्या व्ही-८ ला तो शोभतो, पण खर्च आणि पाइपिंग दोन्ही वाढतं.

आणि गाडी हजार किलोच्या आतली असेल तर माझं मत स्पष्ट आहे, बूस्टर काढून टाका. पेडल ६ च्या गुणोत्तराला आणा, बोअर लहान करा. पाय जरा जास्त लागेल पण बिघडायला काही उरत नाही.

## १०. रस्त्यावर नेताना

थेट घाटात नाही. आधी सोसायटीच्या आवारात चालण्याच्या वेगाने, मग गुरुवारी सुट्टीच्या दिवशी भोसरी एमआयडीसीच्या आतल्या एखाद्या रिकाम्या रस्त्यावर ३० ला, मग ५० ला. मागे कुणी नाही ते बघून जोरात ब्रेक मारा. मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी जात असेल तर मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व (मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवणारा) लागेल, पुढे डिस्क टाकून मागे जुने ड्रम ठेवले की हे हमखास होतं. एका बाजूला ओढत असेल तर त्याच्या विरुद्ध बाजूचं कॅलिपर किंवा पाइप संशयित. दहा-पंधरा किलोमीटर झाल्यावर थांबून चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका, एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर टप्पा ८. हे सगळं पास झालं की मग बोपदेव किंवा कात्रज, लहान गिअरमध्ये.

इंजिन बदललं असेल तर त्याची आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. ब्रेकच्या लेखात हे कशाला असं वाटेल, पण क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला पहिलं तेच विचारतो.

दोनशे-तीनशे किलोमीटर झाल्यावर मास्टर सिलेंडरचे नट, ड्रमची सेटिंग आणि टाकीची पातळी परत बघा, नवे शू बसतात आणि पेडल थोडं खाली येतं, त्याला एअर समजून परत निपल उघडत बसू नका. आणि गेजसाठी लावलेला टी काढून पाइप पुन्हा अखंड करा, टीचं तोंड टेपने बंद करून तसंच ठेवलं तर ती टेप गरम इंजिनवर सुटते आणि बूस्टर एका झटक्यात रिकामा होतो.